तोरणमाळची दैनंदिनी : राणीछाप चांदी

पहिला दिवस. शहादा

तोरणमाळच्या गाडीला अवकाश होता, म्हणून सराफ बाजारात शिरले. एका पेढीवर पावरा नवरा-बायको बसले होते. सराफांच्या पुढ्यात त्यांचा कंदोरा. कमरेभोवती फिरून पुढे झुलणारा, चांगला पाऊण किलोचा, साखळीच्या पदरांचा. सराफकाकांनी आतल्या बाजूला कानस मारली, आम्लाचा थेंब टाकला, तूट धरली आणि आकडा सांगितला. चांदी किलोला लाखाच्या वर गेल्यापासून डोंगरातून मोड फार येते, असं ते म्हणाले. बाई कंदोऱ्याकडे बघत नव्हती, रस्त्याकडे बघत होती. त्याच दुकानात शेजारच्या कपाटात त्याच घडणीचे कंदोरे टांगलेले, सगळे गिलटाचे, म्हणजे चांदीसारख्या दिसणाऱ्या स्वस्त धातूचे. जाताना त्यातला एक तिने घेतला.

मला दिवसभर तेच आठवत राहिलं.

दुसरा दिवस. तोरणमाळ

म्हसावद, राणीपूर, मग सातपायरी घाट. वर यशवंत तलावावर धुकं होतं. गोरखनाथाच्या दर्शनाला खाली खेतिया-पानसेमलकडूनही माणसं चढून आली होती. महाशिवरात्रीच्या या गर्दीत चांदी आधी ऐकू येते, मग दिसते.

देवळामागे एका झाडाखाली एक आजी टेकल्या होत्या. शेजारी नात, शहाद्याला कॉलेजात शिकणारी. "आजी, बघू का?" म्हटल्यावर त्यांनी डोक्यावरचा पदर स्वतःच मागे सारला. कानातल्या जड झुमक्यांपासून दोन्ही बाजूंना साखळ्या वर गेलेल्या आणि आकड्यांनी केसांत अडकवलेल्या. मी आजवर त्या शोभेच्या समजत होते. आजींनी एक आकडा काढून दाखवला, तशी कानाची पाळी सर्रकन खाली ओढली गेली. भार केसांनी पेलायचा, कानाने नाही. नात म्हणाली, त्यांच्या बोलीत ही 'हाकळी'. साखळीतल्या 'स'चा इथे 'ह' होतो.

या प्रवासात मी तुर्कमेन बायकांच्या दागिन्यांवरचं पुस्तक बरोबर आणलंय. त्यांचं 'आसिक' म्हणजे बदामाच्या आकाराचं चांदीचं मोठं पान, पाठीवर वेण्यांवर लोंबणारं. तेके टोळीचे सोनार त्यावर सोन्याचा मुलामा देत, लाल अकीक जडवत. त्यांच्या दागिन्यांत रशियन आणि इराणी नाणीही आली. वाळवंटातल्या त्या बाईचं आणि या आजींचं गणित मला एकच वाटतं : घर उचलून न्यावं लागलं, पीक बुडालं, तरी अंगावरचं आपलं. आणि अकीक म्हणाल तर त्याच्या नावाजलेल्या खाणी याच सातपुड्याच्या पश्चिम टोकाला आहेत, राजपिपळ्याजवळ रतनपूरला. खंभातचे कारागीर शतकानुशतकं तो दगड घडवून दूरदेशी पाठवत आले.

आजींच्या गळ्यात रुपयांची माळ होती. प्रत्येक नाण्याला वर कडी डाखलेली. मी एक रुपया उलटला. व्हिक्टोरिया, 1862. नाक झिजून सपाट झालेलं. जुना कलदार रुपया नेमका एक तोळ्याचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा, त्यात चांदी जवळजवळ 92 टक्के. म्हणून माळ तराजूत टाकायची गरजच नाही, नाणी मोजली की तोळे कळतात. अक्षर न येणाऱ्या बाईला सावकारापुढे एवढा भरवशाचा हिशोब दुसरा कुठला? 1940 पासून सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. आजींना साल ठाऊक नाही, पण त्या म्हणाल्या, "राणी चांगली, पुढचा राजा हलका." नातीने हे मराठीत सांगितलं तेव्हा मी त्यांचा हात धरला.

देजाची, म्हणजे वधूमूल्याची, बोलणी होताना मुलाकडचे किती चांदी घालणार ते ठरतं. अंगावर चढली की ती त्या बाईची. शेताच्या उताऱ्यावर तिचं नाव नसेल, कंदोऱ्यावर मात्र आहे. गिलटाचा कंदोरा दिसायला तसाच, नाचायला हलका, हरवला तर रडू येत नाही. पण अडीनडीला त्यावर एक पोतं बियाणं उचलता येत नाही, आणि मला त्याचंच भय वाटतं. शहाद्याच्या त्या बाईची चांदी गेली, आणि तिच्या मुलीच्या वाट्याला पत्रा येईल.

तिसरा दिवस. उतरताना

सीताखाईवर थोडा वेळ थांबले. नंतर जीपच्या थांब्यावर आजी आणि नात पुन्हा भेटल्या. नातीच्या गळ्यात गिलट, आजींच्या गळ्यात तीच माळ. निवांत होतो, म्हणून मी नाणी मोजली. 21 भरली. दोऱ्यावर कड्या मात्र 22.

रिकाम्या कडीवर आजींनी अंगठा ठेवला. नातीने सांगितलं, आजोबा दवाखान्यात होते त्या वर्षी एक राणी काढावी लागली. कडी आजींनी सोनाराकडून मागून परत आणली आणि होती त्याच जागी ओवली.

"तिथं बसवायचीय अजून," आजी म्हणाल्या. तेवढं त्या मराठीत म्हणाल्या.