गाळप थांबल्यावर

शेवटची मोळी गव्हाणीत पडते आणि काही तासांनी मिल हाऊस गप्प होतं. पाच महिने रात्रंदिवस ज्या आवाजात वावरलो तो अचानक नाहीसा झाला की पहिली रात्र मला झोप लागत नाही. कॉलनीतली कुत्री भुंकताना ऐकू येतात. साखर कारखान्याच्या इंजिनिअरिंग विभागात वीसहून अधिक हंगाम काढले, तरी ही रात्र दर वर्षी तशीच जाते.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना घाई असते ती यंत्रं खोलण्याची. मी आठवडाभर कुणाला पाना लावू देत नाही. हंगामाचं स्टॉपेज बुक घेऊन मिल हाऊसमध्येच टेबल टाकून बसतो.

कारण हंगामात विचार होत नाही, नुसती धावपळ होते. तोडलेला ऊस थांबत नाही. तासागणिक त्यातली साखर कमी होत जाते. दिवसाला 5000 टन गाळणारा कारखाना तासभर थांबला की 208 टन ऊस बाहेर अंगणात उभा राहतो. ट्रॅक्टर, ट्रक आणि बैलगाड्या. जू खांद्यावर घेऊन उभे असलेले बैल दिसत असताना माणूस बिघाडाच्या मुळाशी जात नाही. जोडतो, ठोकतो, वेल्डिंग मारतो आणि चालू करतो. त्यात चूक काही नाही, त्या घडीला तेच करायचं असतं. पण ती ठिगळं नंतर कुणीतरी मोजायला हवीत.

एका वर्षी ती मोजताना तीन नंबरच्या मिलपुढच्या रेक कॅरियरची साखळी पानोपानी दिसू लागली. कधी 15 मिनिटं, कधी 20. एवढ्याशा नोंदीकडे हंगामात कोण बघतो? बेरीज केली तेव्हा 31 नोंदी आणि 9 तास निघाले. म्हणजे जवळपास 1,900 टन उसाला तिष्ठत ठेवलं होतं आम्ही. साखळीच निकृष्ट, असं ठरवून मी नव्या साखळीचं इंडेंट तयार केलं.

सही करण्याआधी आमच्या सर्वांत जुन्या फिटरला, नानांना, बोलावून वाचून दाखवलं. ते म्हणाले, "साहेब, साखळीचा दोष न्हाई. शाफ्ट वाकडा बसलाय. जानेवारीत सांगितलं होतं की तुम्हाला."

मला आठवेना. मग त्यांनी हात पुढे केला आणि तळवा तिरका धरून हलवला. तेव्हा आठवलं. चालू मिलजवळ माणसाचा आवाज ऐकू येत नाही, आम्ही सगळे हातवाऱ्यांनी बोलतो. तो तळवा पाहून मी "वेग कमी करा" असा अर्थ घेतला होता आणि कॅरियरचा वेग उतरवला होता. दोन दिवस साखळी टिकली, म्हणून माझंच बरोबर असं मला वाटलं.

आम्ही दोरी ताणली, पाणसळ लावली. शाफ्टचं एक टोक 4 मिलिमीटर खाली गेलं होतं. बेअरिंगच्या ब्लॉकखालचं ग्राउटिंग फुटलेलं, बोल्ट सैल, आणि स्प्रॉकेटचे दात एकाच अंगाने खाल्लेले. नव्या साखळीचीही तीच गत झाली असती. त्या दुपारी मला स्वतःची फार लाज वाटली. खर्च वाचला याचा आनंद नंतरचा. जो माणूस अचूक सांगत होता, त्याचं सांगणं सगळा हंगाम माझ्यापर्यंत पोहोचलंच नव्हतं.

तेव्हापासून त्या आठवड्यात एकेका फिटरला, ऑइलमनला, बॉयलर अटेंडंटला समोर बसवतो आणि विचारतो, हंगामात तुम्ही काय सांगितलं जे मला कळलं नाही? हंगामी कामगारांना तर पगार घेऊन गावी जायच्या आत गाठावं लागतं. नंतर ते दसऱ्यालाच भेटतात.

या ऐकण्यातून दोन याद्या होतात. दुरुस्तीची यादी सगळेच करतात. मला दुसरी महत्त्वाची वाटते: यंदा काय खोलायचं नाही. नीट चाललेला गिअरबॉक्स केवळ रिवाज म्हणून उघडला आणि नोव्हेंबरमध्ये तोच गळू लागला, हे मी पाहिलेलं आहे. रोलरचं मात्र उलटं. शेल बदलायचं तर मागणी मे महिन्यातच गेली पाहिजे, कारण सगळ्याच कारखान्यांचं बंद एकदम येतं आणि वर्कशॉपपुढे रांग लागते. खाचा पुन्हा कापलेल्या रोलरचा व्यास घटतो, त्यामुळे गेल्या वर्षीचं मिल सेटिंग चालत नाही. ते गणित मी हाताने, कागदावर, शांत दुपारी करतो. पत्र्यावर पाऊस वाजू लागेपर्यंत बॉयलरच्या तपासणीसकट कोणतं काम कुणाकडे आणि कशानंतर, हे भिंतीवर लागलेलं असतं.

आणखी एक गोष्ट त्या वर्षीपासून सुरू झाली. बॉयलरचं अग्निप्रदीपन व्हायच्या आधी, मिल हाऊसमध्ये अजून एकमेकांचा आवाज ऐकू येतो तोवर, जुनी-नवी सगळी माणसं गोल उभी राहतात. नाना मधे येतात आणि एकेक खूण करून दाखवतात. थांबव. सोड. गरम झालंय. शेवटी तळवा तिरका धरतात, आणि मग सगळ्यांचे हात वर येतात, माझाही.