दुखलं असतं तर

पाठपिशवीचं वजन पाच किलोच्या आत ठेवा, असं जाऊन आलेल्या प्रत्येकाने बजावलं होतं. मी साबणाची वडीसुद्धा अर्धी कापून घेतली. तरी निघायच्या आदल्या रात्री हिने दाढीचा छोटा आरसा पिशवीत सरकवलाच.

"परिक्रमेत दाढी करत नाहीत," मी म्हणालो.

"तोंड बघायला नाही दिलेला. तळपाय बघायला दिलाय. रोज रात्री. अहो, डॉक्टरांनी सांगितलंय ना?"

सांगितलं होतं खरं. मधुमेह माझ्याकडे सतरा वर्षं मुक्कामाला आहे, आणि जुन्या भाडेकरूसारखा आता तो अंगाखालचाच वाटतो. गोळी घ्यायची, चहा बिनसाखरेचा, संपलं. नर्मदा परिक्रमा हा मात्र तीस वर्षांचा ध्यास. पाटबंधारे खात्यात नोकरी झाल्याने नद्या मी नकाशावर, फुटांत आणि क्युसेकमध्ये पाहिल्या. एक तरी नदी पायांनी पाहायची होती. निवृत्त झालो, दोन वर्षं गुडघ्यांची मशागत केली, आणि कार्तिकी एकादशीनंतर निघालो. कॉलनीने सत्कार केला. शाल, श्रीफळ, अध्यक्षांचं वीस मिनिटांचं भाषण. त्या शालीचं वजन पिशवीत नव्हतं, पण पुढे ते मला सगळ्यात जास्त जाणवलं.

ओंकारेश्वरला गोमुख घाटावर संकल्प सोडला. मुंडण, कन्यापूजन, नर्मदेचं पाणी भरलेली छोटी बाटली. ही बाटली म्हणजेच मैया. तिची रोज सकाळ-संध्याकाळ पूजा करायची, आणि परिक्रमा पुरी झाली की ते पाणी ओंकारेश्वराला वाहायचं. नदी सतत उजव्या हाताला ठेवायची आणि कुठेही ओलांडायची नाही. नदीची लांबी १३१२ किलोमीटर, पण दोन्ही काठ, समुद्राचं टोक आणि अमरकंटकचा वळसा धरला की चालणं अडीच-तीन हजारांवर जातं. शास्त्राप्रमाणे तीन वर्षं, तीन महिने आणि तेरा दिवस. आमच्यासारखे घाईवाले ते पाच-सहा महिन्यांत उरकतात.

दक्षिण तटाने पश्चिमेला. पहिला मुक्काम मोरटक्क्याला. तिथे सांगलीकडचे एक शेतकरी भेटले. सगळे त्यांना आण्णा म्हणत, मीही म्हणू लागलो. त्यांची ही दुसरी परिक्रमा. वय माझ्याहून चारेक वर्षांनी जास्त, पाय मात्र बैलाचे. चालताना बोलायचे नाहीत, आणि थांबले की बोलणं थांबवायचे नाहीत.

निमाडचे ते चार दिवस मला आजही तपशिलासकट आठवतात. दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस, खळ्यांवर वाळत घातलेल्या मिरच्यांचे लाल गालिचे, त्यांचा घशाला बसणारा ठसका. कुठल्याही गावात शिरा, पोरंटोरं ओरडत येणार, "नर्मदे हर, बाबाजी! चाय पी के जाओ." चहात साखर इतकी की तो मी निम्मा मातीला पाजायचो. एका घरी ज्वारीची भाकरी आणि अमाडीची भाजी मिळाली. आपली अंबाडीच ती, फक्त एक टिंब काठावर ठेवून आलेली. ओंकारेश्वरच्या धरणाखाली नदीची पातळी वीजघराच्या वेळापत्रकावर चढते-उतरते. सकाळी ज्या खडकावर धोतर वाळत घातलं, तो दुपारी पाण्यात. मला त्यात काही नवल नव्हतं, मी असली वेळापत्रकं केलेली आहेत. आण्णांना मात्र तो मैयाचा खेळ वाटायचा. मी दुरुस्त केलं नाही.

तिसऱ्या दिवशी रावेरखेडी. थोरल्या बाजीरावांची समाधी. मराठी परिक्रमावासी इथे न चुकता थांबतो, आणि थांबल्यावर न चुकता थोडा फुगतो. फौजा इथल्या उतारावरून नर्मदा पार करत. १७४० च्या एप्रिलमध्ये ज्वराने बाजीराव इथेच गेले, याच तटावर, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी. विसाव्या वर्षापासून घोड्यावर असलेला माणूस. आण्णा हात जोडून म्हणाले, "थांबणं माहीतच नव्हतं बघा त्या माणसाला." मीही मान डोलावली. त्या संध्याकाळी मला ते कौतुकाचंच वाक्य वाटलं होतं.

तोवर माझे पाय उत्तम होते. निदान तशी माझी समजूत होती. बरोबरच्या दोघांना फोड आले होते, एकाची नडगी सुजली होती, आण्णासुद्धा रात्री तळव्यांना तेल चोळत. मी नुसता बूट काढून आडवा व्हायचो. "साहेबांचे पाय सरकारी दिसतात, त्यांना काही होत नाही," आण्णा म्हणाले, सगळे हसले, आणि मीही. मनातल्या मनात छाती दोन इंच फुगली. आरसा पिशवीच्या तळाशी होता. काढायचा म्हणजे सगळी पिशवी उपसायची.

पाचव्या दिवशी दुपारी कसरावदच्या बाजूला एका घराने जेवायला बोलावलं. जेवण झालं आणि घरातली म्हातारी पाया पडायला आली. परिक्रमावासी म्हणजे मैयाचं माणूस, त्यामुळे आपल्या आईच्या वयाच्या बायका वाकतात आणि आपल्याला कुठे पाहावं कळत नाही. मी पाहत होतो छपराकडे. तिचा हात पायावर टेकला आणि तिथेच राहिला.

"बेटा," ती म्हणाली. 'बाबाजी' नाही, बेटा. "यह खून किसका है?"

उजव्या पायमोज्याचा तळवा गर्द तपकिरी झाला होता, टाचेकडे अजून ओला. मोजा सोलून काढावा लागला. बूट उलटा केला तर हरभऱ्याएवढा खडा पडला, टोकदार. तो कधी आत गेला? सकाळी? की आदल्या दिवशी? पुढच्या चवड्याखाली, अंगठ्याच्या मुळाशी, आठ आण्याच्या नाण्याएवढं भोक. मी बोट लावून पाहिलं. बोटाला पाय लागला, पायाला बोट लागलं नाही.

त्या घरच्या मुलाने मोटारसायकलवर घालून कसरावदला नेलं. मागे बसताना मनात विचार काय, तर वाहनावर बसलो, आता परिक्रमा मोडली का? औषधासाठी चालतं, मुक्कामाच्या जागेपासूनच पुन्हा चालायला लागायचं, असं कुठेतरी वाचलं होतं ते आठवून धीर आला. पायाला भोक आणि मी नियम आठवतोय.

डॉक्टर तरुण होता. जखम धुऊन झाल्यावर त्याने नायलॉनचा एक जाडसर धागा काढला, मासे धरायच्या गळाला असतो तसा, आणि मला डोळे मिटायला सांगितलं. धागा वाकेपर्यंत तळव्यावर टेकवायचा, लागला की "हां" म्हणायचं. मी डोळे मिटून वाट पाहत बसलो. बऱ्याच वेळाने विचारलं, "सुरू कधी करताय?"

"दस जगह लगा चुका हूँ, बाबाजी. दोनों पैर."

मग त्याने जे सांगितलं ते साधं होतं. साखरेने पायांच्या नसा मेल्या आहेत. जखम अजून हाडापर्यंत गेलेली नाही. ही भरते, पण एकाच अटीवर: तिच्यावर भार टाकायचा नाही. मलम, गोळ्या, पट्टी हे सगळं नंतर, आधी भार काढायचा. किती दिवस? सहा आठवडे, आठ, सांगता येत नाही. आणि मग चालू? तो क्षणभर गप्प राहिला. "फिर कंकर नहीं आएगा क्या?"

रात्रीसाठी नवडाटोलीजवळच्या एका आश्रमात आसन लावलं. आण्णा आणि मंडळी चालत तिथे पोचलीच होती. पट्टी पाहिल्यावर प्रत्येकाकडे औषध निघालं. हळद, धुनीची राख, आणि सगळ्यांचं एकमत मैयाच्या पाण्यावर. आण्णा शांतपणे म्हणाले, "साहेब, दुखतंय का?"

"नाही."

"मग झालं तर. दुखत नाही म्हणजे मैया सांभाळतीय. सकाळी चला. हळू चला, पण चला."

ते मनापासून म्हणत होते, आणि मला ते मनापासून हवं होतं. दुखत असतं तर गोष्ट सोपी होती. दात-ओठ खाऊन चाललो असतो, एके दिवशी कोसळलो असतो, लोकांनी उचलून आणलं असतं, कॉलनीत अजून एक शाल मिळाली असती. शरीराने हात टेकले की माणूस सुटतो, निर्णय त्याला घ्यावाच लागत नाही. माझं शरीर काही बोलतच नव्हतं. त्या क्षणी उठून वीस किलोमीटर चालता आलं असतं, आणि मजेत.

झोप येईना. मातीच्या धरणांच्या पोटात आम्ही पायझोमीटर बसवतो, आतल्या पाण्याचा दाब मोजायला. धरण भरत असताना एखादा पायझोमीटर हलेनासा झाला, रोज तोच आकडा दाखवू लागला, की नवा पोरगा खूश होतो: साहेब, दाब वाढत नाही. जुना माणूस त्याच रात्री बॅटरी घेऊन बांधाच्या पायथ्याला गळती शोधायला जातो. मी जन्मभर जुना माणूस होतो. पाच दिवस नवा पोरगा झालो होतो.

हिला फोन लावला. आधी पाच मिनिटं इकडचं-तिकडचं बोललो. तिने विचारलं, "आरसा काढला होता का?" मी गप्प. मग सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणालो, "पण खरंच दुखत नाहीये गं. पायांना विचारलं तर ते चला म्हणतायत."

"पायांना विचारून काय उपयोग? त्यांना कळतंय कुठे?" ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "तुम्हाला कळतंय ना?"

पहाटे साडेपाचला मंडळी निघाली. परिक्रमावासी कुणासाठी थांबत नाही, हेही ठरलेलंच आहे. आण्णांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, नर्मदे हर म्हणाले आणि अंधारात काठी टेकत गेले. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं, मला दिसलं नाही. मी थोडा कमी पडलो असंच त्यांना वाटलं असणार. वाटू दे.

तिथे आणखी एक दिवस होतो. समोर, नदीपलीकडे, महेश्वरचा घाट. अहिल्याबाईंची ती दगडी पायऱ्यांची उतरंड सकाळच्या उन्हात इतकी जवळ दिसते की पलीकडच्या धोब्याचा आवाज ऐकू यावा. उत्तर तट. समुद्राला वळसा घालून मी तिथे दोनेक महिन्यांनी पोचणार होतो. माझ्या मागे नवडाटोलीच्या टेकड्या. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी पन्नासच्या दशकात इथे उत्खनन करून साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या ताम्रपाषाणयुगीन वस्त्या उजेडात आणल्या. गोल झोपड्या, नक्षीची मडकी, धान्य. ती माणसं काही शतकं राहिली आणि कधीतरी गेली. त्यांनी नेमकं का सोडलं, याचा मला त्या दिवशी उगाच फार विचार आला.

आश्रमातल्या सेवकाने दोन पर्याय सुचवले. गाडीने करा, पंधरा-वीस दिवसांत होते, हल्ली बरेच करतात. नाहीतर तुकड्या-तुकड्यांनी करा. दुसरं मला मोहाचं वाटलं, कारण जबलपूरच्या अमृतलाल वेगडांनी तशीच केली. १९७७ पासून, वर्षानुवर्षं, एकेक टप्पा, हातात चित्रांची वही. नर्मदेवर त्यांच्याइतकं प्रेमाने क्वचित कुणी लिहिलं असेल. मी हिशोब मांडू लागलो, फेब्रुवारीत हा टप्पा, पुढच्या दिवाळीत तो. मांडता मांडता लक्षात आलं की मी घरी जाऊन सांगायचं वाक्य तयार करतोय. "सोडली नाही हो, पुढे ढकललीय." वेगडांचे पाय त्यांच्याशी बोलत असत. माझ्या पायांना टप्पा छोटा काय नि मोठा काय. आणि गाडीतून नदी पाहायची तर ती मी सरकारी जीपमधून पस्तीस वर्षं पाहिलेली आहे.

त्याच संध्याकाळी घसरत, बसत, काठावर गेलो. पिशवीतली बाटली काढली. संकल्पाचं पाणी अर्ध्यावर परत सोडायचा काही विधी असेल तर मला ठाऊक नव्हता. विचारायचीही लाज वाटली. झाकण उघडलं, ओतलं. ओंकारेश्वरहून निघालेलं पावशेर पाणी. खरं म्हणजे तिथून सुटलेलं बाकीचं पाणी केव्हाच इथून पुढे गेलं असणार. रडू आलं. बराच वेळ आलं. काठी सेवकाला दिली.

सेवक म्हणाला, इंदूरला मोठी इस्पितळं आहेत, पूल ओलांडला की दोन-अडीच तास. मी ठाम नाही म्हणालो. पाणी सोडून मोकळा झालेला माणूस, पण नदी ओलांडायला तयार नव्हता. शहाणपण म्हणून सांगत नाही, जे झालं ते सांगतो. नाशिक याच तटावर आहे, तिथे माझे डॉक्टर आहेत, हे कारण मी नंतर शोधलं.

जीपने ठीकरीपर्यंत, आग्रा-मुंबई रस्त्यावर. इंदूरकडून सेंधव्याला जाणारी खासगी बस आली. पांढरं धोतर, वाढलेले खुंट, पाठीवर पिशवी पाहून कंडक्टरने खिडकीजवळच्या माणसाला उठवलं आणि मला बसवलं. मी पैसे काढले तर त्याने हात जोडले.

"परिक्रमावासी से किराया नहीं लेते, बाबाजी. नर्मदे हर."

"नर्मदे हर," मी म्हणालो. "मगर मैं अब परिक्रमा में नहीं हूँ. टिकट दो."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पायाच्या पट्टीकडे. काही विचारलं नाही. तिकीट फाडलं, सुटे पैसे मोजून हातावर ठेवले, आणि पुढच्या माणसाकडे वळला. बस निघाली. डाव्या पायात काही लागत नव्हतं. मी वाकून बूट काढला, आत हात घालून चवड्यापासून टाचेपर्यंत चाचपला, आणि पुन्हा घातला.