हॅमिल्टनच्या माथ्यावर

माउंट हॅमिल्टनचा घाट घोड्यांसाठी बांधला आहे, हे गाडीत बसल्या बसल्या कळतं. चढ कुठेही अंगावर येत नाही, वळणं मात्र संपता संपत नाहीत. कॅलिफोर्नियातल्या सॅन होझे शहराच्या पूर्वेला, १२८३ मीटर उंचीवर लिक वेधशाळा आहे. तिचं लोखंड, लाकूड आणि यंत्रसामग्री ओढणाऱ्या जनावरांची दमछाक होऊ नये म्हणून १८७६ मध्ये सांता क्लारा काउंटीने हा रस्ता आखताना एक पथ्य पाळलं: शंभर फुटांमागे साडेसहा फुटांहून जास्त चढ द्यायचा नाही. त्यामुळे रस्ता डोंगराला वळसे घालत लांबतच गेला. शहरापासून माथा तीसेक किलोमीटर, पण तास सहज जातो.

"मावशी, पोटात ढवळलं तर लगेच सांग," गाडी चालवता चालवता भाचा म्हणाला. "पुढे ना दुकान, ना पेट्रोल पंप."

ना दवाखाना, असं मी मनात जोडलं. वर कोणाच्या छातीत कळ आली, तर अँब्युलन्सला हीच सगळी वळणं चढून यावं लागणार, आणि पेशंटला घेऊन तीच उतरावी लागणार. तारे पाहायला लोक या डोंगरावर जातात. मला मात्र पाहायचं होतं की हाकेच्या अंतरावर कोणी नसताना इथली माणसं अडचणीच्या वेळी काय करतात.

वाटेत स्मिथ क्रीकचा ओढा लागतो. एकोणिसाव्या शतकात घोडागाड्या इथे थांबत, दमलेले घोडे सोडून ताजे जुंपत आणि शेवटचा चढ चढत. आज त्याच भागात राज्याच्या अग्निशमन खात्याचं ठाणं आहे. माथ्याला सगळ्यात जवळची मदत ती हीच.

लिक वेधशाळा ही शिखरावर माणसं बारमाही राहून काम करतात अशी जगातली पहिली वेधशाळा. जेम्स लिक मूळचा पेनसिल्व्हेनियाचा, पियानो बनवणारा. दक्षिण अमेरिकेत पैसा कमावून तो १८४८ च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोला उतरला, जमिनी घेत गेला आणि गडगंज झाला. जगातली सर्वात मोठी दुर्बीण उभारायला त्याने सात लाख डॉलर ठेवले आणि १८७६ मध्ये गेला. दुर्बिणीच्या खांबाच्या पायथ्याशी त्याचं दफन आहे. वर ३६ इंची भिंगाची लांबलचक दुर्बीण. खाली साधी पाटी, त्याच्या नावाची. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. दुर्बिणीभोवतीची लाकडी जमीन सबंधच्या सबंध वर-खाली होते, म्हणजे दुर्बीण कुठेही रोखली तरी पाहणाऱ्याचा डोळा तिच्या टोकाशी पोचतो. सुरुवातीला हे सगळं पाण्याच्या दाबावर चाले.

या दुर्बिणीची पहिली रात्रच अडचणीची होती. १८८८ च्या जानेवारीचा पहिला आठवडा, कडाक्याची थंडी. घुमट गोठून जागचा हलेना. उघड्या फटीतून जे तारे आपणहून समोर येतील तेवढेच पाहायचे. तेही स्पष्ट दिसेनात, कारण नळी हिशेबापेक्षा काही इंच लांब निघाली होती. घाट उतरून कोणाला बोलावून आणण्यात अर्थ नव्हता. मंडळींनी करवत घेतली आणि नळी कापली. पुढे चारच वर्षांनी, ९ सप्टेंबर १८९२ ला, याच दुर्बिणीतून एडवर्ड बर्नार्ड यांनी गुरूचा पाचवा चंद्र शोधला.

इथली माणसं आपल्याकडेही येऊन गेली आहेत. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी लिकचे विल्यम कॅम्पबेल आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला उतरले होते. मुंबई इलाख्यात प्लेगने थैमान घातलेलं, आणि या मंडळींनी जेऊरच्या माळावर ४० फूट लांबीचा कॅमेरा उभा केला. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी नायगामवाला यांचा तळही जेऊरलाच होता. खग्रास स्थिती दोनेक मिनिटांची. तेवढ्यात काही बिघडलं तर दुरुस्तीला सवडच नाही. म्हणून ग्रहणाआधी पुन्हा पुन्हा तालमी करायच्या, कोणी काय उचलायचं आणि कोणी मोठ्याने सेकंद मोजायचे हे ठरवून ठेवायचं. डोंगरावरच्या कारभारातही याच सवयीवर भिस्त असते, असं मला वाटतं.

कारण संकट सांगून येत नाही. २१ मे १९३९, रविवारची संध्याकाळ, दाट धुकं. लष्कराचं एक विमान थेट मुख्य इमारतीवर आदळलं आणि त्यातले दोघे जण दगावले. कामाचा दिवस असता तर खोल्यांमधून माणसं बसलेली असती. डोंगराखालची जमीनही स्वस्थ नाही. कॅलाव्हेरास प्रस्तरभंग इथून जवळच आहे; २४ एप्रिल १९८४ चा ६.२ तीव्रतेचा भूकंप याच परिसरातला.

पण खरी कसोटी वणव्याची. ऑगस्ट २०२० च्या मध्याला उत्तर कॅलिफोर्नियात पाऊस न पडता नुसत्या विजा पडल्या आणि वाळलेल्या डोंगरांत जागोजागी आगी लागल्या. त्या एकमेकींना मिळत गेल्या आणि शेवटी जवळपास चार लाख एकर होरपळले. सह्याद्रीत वणवा पाहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे, आग चढावर जास्त जोराने धावते. खालची धग वरचं गवत आधीच तापवून ठेवते. शिखरावर घर असणं म्हणजे त्या धावेच्या शेवटी उभं असणं. माणसांना वेळेवर खाली हलवलं होतं. डोंगरावरच्या कॅमेऱ्यांतून घुमटांच्या दिशेने सरकणारी आग लोक दुरून पाहत होते, आणि वर अग्निशमन दलाचे जवान एकेक इमारत लढवत होते. राहत्या घरांपैकी एक गेलं, काहींना झळ बसली. घुमट वाचले.

आगीनंतरही राख उरतेच. ती अल्कधर्मी असते. आरशावर पडून दमट हवेत राहिली तर त्याचा चकचकीत धातूचा थर खाते. त्यामुळे आग दिसण्याच्या कितीतरी आधी घुमट मिटून घ्यावे लागतात, आणि विझल्यावरही उघडायची घाई करून चालत नाही.

जवानांच्या शौर्याबद्दल मला अतोनात आदर वाटतो. पण इमारती वाचवायला आधीच्या कित्येक वर्षांचं बिनबोभाट कामही लागतं, असं तिथे हिंडताना सारखं मनात येत होतं. आग लागल्यावर वर पाणी नेता येत नाही. ते आधीच साठलेलं हवं. घुमटाला टेकलेली फांदी त्या दिवशी तोडता येत नाही. बंब चढायचा तर रस्ता मोकळा हवा.

मोठ्या घुमटाच्या मागे दोन कामगार झुडपं छाटत होते. एकाच्या हातात यंत्र, दुसरा तोडलेलं ओढून उतारावरून बाजूला नेत होता. आपल्याकडे वनखातं जशी जाळरेषा काढतं, तसा इमारतीभोवती मोकळा पट्टा. जळालेल्या काळ्या खोडांच्या बुडातून छातीएवढे हिरवे फुटवे आले होते. "किती छान, सगळं परत उगवलं!" मी म्हणाले.

यंत्रवाल्याने ते बंद केलं, मुळाशी बोट दाखवलं आणि समजावून सांगितलं: या झाडीची मुळं आगीत मरत नाहीत, पाऊस पडला की जोमाने फुटतात, आणि दोन उन्हाळे गेले की पुन्हा सरपण तयार. त्याने कमरेइतक्या उंचीवर हात धरला. एवढं व्हायच्या आत कापायचं, म्हणाला, आणि यंत्र परत सुरू केलं. अजून अख्खा उत्तरेकडचा उतार बाकी होता.