नाव गावाचं, कुस्ती आपली

टेनिस हा मोठा एकलकोंडा खेळ आहे. क्रिकेटात बाद झालेला फलंदाज तंबूत परततो, तिथं त्याची समजूत घालायला दहा जण असतात. कबड्डीत बाद झालेला गडी बाहेर बसून ओरडू तरी शकतो. टेनिसपटू चुकला, तर त्यानं चूक झाकायची तरी कुणाच्या आड? वर्षभर तो देशोदेशी हिंडतो, तेही स्वतःच्याच नावानं. जिंकला तर त्याचं नाव छापून येतं, हरला तरी त्याचंच!

असला खेळ संघानं खेळावा, ही कल्पना हार्वर्डमधल्या ड्वाइट डेव्हिस या विद्यार्थ्याला सुचली. पदरचे पैसे घालून त्यानं चांदीचा भला मोठा वाडगा करवून घेतला आणि १९०० साली बोस्टनला अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात पहिला सामना झाला. आपण कपही दिला आणि अमेरिकेकडून खेळलाही! या डेव्हिस कपात आपला देश १९२१ साली उतरला. १९६६, १९७४ आणि १९८७ अशा तीन वेळा आपण अंतिम फेरी गाठली. कप मात्र एकदाही आणला नाही.

आता लोणावळ्यात राहून मराठी शिकवणाऱ्या माणसाला ही उठाठेव कशाला, असं तुम्ही विचाराल. आमच्याकडे चार महिने पाऊस आणि धुकं. चेंडू मारला तर तो पलीकडे पोचला की दरीत गेला, तेही कळायचं नाही! पण बालेवाडी आम्हांला पुण्याच्या अलीकडेच पडते. २०१७ च्या फेब्रुवारीत तिथं भारत आणि न्यूझीलंड यांचा सामना झाला. लिअँडर पेस खेळणार म्हणून शनिवारी मी गेलो. पेस आणि विष्णुवर्धन ही जोडी त्या दिवशी हरली. सामना मात्र आपण ४-१ असा जिंकलो. माझ्या ध्यानात राहिली ती वेगळीच गोष्ट. एरवी टेनिसमध्ये पंच खेळाडूच्या नावानं गेम पुकारतो. इथं तो म्हणत होता, "गेम, इंडिया." खेळणाऱ्याचं नाव जणू कुणी काढूनच घेतलं होतं.

मला एकदम आमच्या मावळातल्या जत्रा आठवल्या. चैत्रात गावोगाव आखाडे भरतात, हलगी कडाडते आणि पुकारा होतो तो अमुकवाडीचा पैलवान आणि तमुक गावचा पैलवान असा. जोर-बैठका त्यानं एकट्यानं काढलेल्या, माती त्याच्या एकट्याच्या अंगाला. पण पाठ लागली तर ती गावाची लागते! शिवाजीमहाराजांचे मावळे म्हणून आपण ज्यांना हात जोडतो, त्यांतल्या किती जणांची नावं आपल्याला सांगता येतील? नाव या मातीचं राहिलं.

गावाचं नाव अंगावर आलं, की माणसाला कुठून बळ येतं कोण जाणे. १९६६ साली कलकत्त्यात ब्राझीलविरुद्ध रामनाथन कृष्णन थॉमस कॉखशी खेळत होते. दोन सेट प्रतिस्पर्ध्याचे, एक आपला आणि चौथ्यात २-५ अशी पिछाडी. तिथून त्यांनी तो सेट ७-५ आणि पुढचा ६-२ असा घेतला नि भारत अंतिम फेरीत गेला. एकवीस वर्षांनी त्यांच्या मुलानं, रमेशनं, सिडनीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध निर्णायक सामना जिंकून संघाला पुन्हा तिथंच नेऊन पोचवलं.

पण गावाचं नाव नुसतं देत नाही, मागूनही घेतं. १९७४ सालची गोष्ट. कलकत्त्यात आपण ऑस्ट्रेलियाला ३-२ असं हरवलं. त्या पाच लढतींत मिळून ३२७ गेम झाले! मग उपांत्य फेरीत सोव्हिएत संघाला हरवलं, तेही आपल्या पुण्यात. आता समोर उरली दक्षिण आफ्रिका. त्या देशात वर्णद्वेषाचं राज्य होतं आणि सरकारच्या धोरणाला धरून आपल्या टेनिस संघटनेनं खेळायला नकार दिला. कप न खेळताच दक्षिण आफ्रिकेला मिळाला. विजय अमृतराजला तेव्हा एकविसावंही सरलं नव्हतं, आनंद बावीस वर्षांचा. पुढं १९८७ साली संघ पुन्हा अंतिम फेरीत गेला, तेव्हा स्वीडननं आपल्याला ५-० असं धुतलं. मी पाहिलेल्या बालेवाडीच्या सामन्यात आपल्या संघाचे कप्तान म्हणून बाजूला बसले होते ते हेच आनंद अमृतराज.

"आपण बरोबरच केलं," असं म्हणणं आपल्याला सोपं आहे. आपण घाम गाळला नव्हता. म्हणून या बाबतीत मी आमच्या अण्णांचं मत मोठं मानतो. तरुणपणी ते पैलवान होते. एका जत्रेत शेवटची कुस्ती त्यांची लागली होती; इनाम चांदीचं कडं. वर्षभर त्यांनी त्याच कुस्तीसाठी मेहनत केली होती. तालमीतल्या एका पोराला त्याच्या जातीवरून आखाड्यात उतरू देणार नाही, असं त्या गावानं ऐन वेळी सांगितलं. वस्तादांनी एवढंच म्हटलं, "मग आपलं कुणीच उतरणार नाही." अण्णांना कुणी विचारलं नाही. सगळे धोतरं नेसून परत निघाले. कडं समोरच्या पैलवानाला बसल्या जागी मिळालं.

अण्णांनी आता पंचाहत्तरी ओलांडली आहे. अमृतराज बंधूंची हकीकत मी त्यांना सांगितली, तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वस्तादांचं बरोबर होतं. त्या पोराच्या तोंडाकडं बघून मला कडं घालताच आलं नसतं." आणि थोडं थांबून, "पण मी मारली असती रे ती कुस्ती!"

यातलं दुसरं वाक्य काढून टाकावं, असं मला मुळीच वाटत नाही. जो हरणारच होता, त्यानं आखाडा सोडला तर त्यात त्याग कसला? कुस्ती मारता आली असती, म्हणूनच त्या परत फिरण्याला मोल आहे. आमच्या घरात चांदीचं कडं नाही, आणि देशाकडे तो वाडगाही नाही. दोन्हींच्या रिकाम्या जागा मात्र मला भरलेल्या दिसतात.