पोफळी, पंप आणि पॅनल

3 जून 2020 ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात धडकलं आणि काही तासांत वाड्या आडव्या झाल्या. पोफळ उंच आणि सडपातळ. एक पडताना शेजारचीलाही घेऊन पडते. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचं एवढं नाव, पण पोफळ धरायला सात-आठ वर्षं जातात आणि कोवळ्या रोपाला सावली लागते. सावली देणारे माडच उन्मळून पडल्यावर रोपं लावायची कुणाच्या आडोशाला? वाडीचं नुकसान एका हंगामाचं कधीच नसतं. भरपाईचा कागद मात्र तसंच धरून चालतो.

हवामानबदलाचा विषय निघाला की ऐकू येतं, ‘आपलं कोकण धूर सोडतं तो केवढासा! आधी मोठ्यांनी सुधारावं.’ हे बोलणं मला कळतं, पण पटत नाही. जयगडचं कोळशावरचं वीजकेंद्र याच किनाऱ्यावर आहे. आणि पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी 2021 मध्ये मांडलेला हिशोब असा, की 1982 ते 2000 च्या मानाने 2001 ते 2019 या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं 52 टक्क्यांनी वाढली. समुद्र तापतोय, आणि तो आमच्या दाराशी आहे.

पण मला जास्त छळतात ते विजेचे खांब. ‘निसर्ग’मध्ये ते पडले आणि कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. ऐन जूनमध्ये विहिरी भरत होत्या, पण पंप बंद, म्हणून नळ कोरडे. मोबाइल मुके. ज्याच्याकडे डिझेलचा जनरेटर, तो राजा.

याला उतारा सौरऊर्जेचा, पण तिचं बोलणं आपल्याकडे वीजबिलापाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं. केंद्राच्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेतून तीन किलोवॅटला 78 हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, चांगलंच आहे. पण साधी, विजेच्या लाइनला जोडलेली ऑन-ग्रिड यंत्रणा लाइट गेली की आपोआप बंद पडते. लाइनवर चढलेल्या वायरमनला झटका बसू नये म्हणून तशी सोय असते, आणि ती योग्यच आहे. मात्र त्यामुळे वादळानंतर लख्ख ऊन पडलं तरी घरात अंधारच. बॅटरी महाग पडते, पावसाळ्यात पॅनल निम्मंशिम्मं चालतं, हेही खरं. तरी चार दिवे, फोन आणि लसीचा फ्रीज यांना लागतं कितीसं?

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत विषय मांडा: आरोग्य उपकेंद्र, शाळा आणि नळपाणी योजनेचा पंप, या तीन ठिकाणी बॅटरीसह सौरयंत्रणा. ठेकेदाराला पहिला प्रश्न हाच विचारा, ‘लाइट गेल्यावर हे चालेल का?’