उणे चाळीसची राहुरी

१९ मार्च २०२५, बुधवार

रंगपंचमी. पोरं रंग खेळून आंघोळीला गेली तेव्हा कुठे गाडीकडे बघायला सवड झाली. रेडिएटरचा पंखा थांबायचं नाव घेत नाही. चावी ऑन केली की सेल मारायच्या आधीच घरघर सुरू. इंजिन रात्रभर गार पडलेलं असलं तरी तोच प्रकार. एसी बंद आहे, हे दोनदा बघून घेतलं; एसी लावला की पंखा फिरणारच, त्यात बिघाड नसतो. चावी काढली की मात्र पंखा त्या क्षणी बंद. एवढं लिहून ठेवतो, गॅरेजवाल्याला सांगायला लागेल.

शेजारच्या वस्तीवरचे दादा म्हणाले, "चालतोय ना? मग चालू द्या. उन्हाळा तोंडावर आलाय, बंद पडण्यापरीस बरं." त्यांचं अगदीच चूक नाही. त्यांची उमर ॲम्बेसेडर आणि जीपगाड्यांत गेली. त्या गाड्यांचा पंखा पट्ट्यावर. इंजिन फिरतंय तोवर तोही फिरणार. मग १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, बोनेटखाली इंजिन आडवं बसलं, आणि पट्ट्याचं तोंड रेडिएटरकडे राहिलंच नाही. पंख्याला स्वतःची मोटर द्यावी लागली. मोटर आली म्हणजे तिला 'आता चाल, आता थांब' सांगणारा कुणीतरी आला. आमच्या गाडीत तो सांगणारा बिथरलाय. पंखा बिचारा हुकमाचा ताबेदार.

२० मार्च, गुरुवार

हायवेच्या गॅरेजात. बोनेट उघडायच्या आत निकाल लागला: "सर, सेन्सर गेला." कशावरून? "असंच असतंय." सेन्सर आज नाही म्हणे, नगरहून मागवावा लागेल. तोपर्यंत पंख्याची वायर तोडून डॅशबोर्डखाली बटण बसवून देतो म्हणाला. मी नको म्हटलं. अशी बटणं लावलेल्या गाड्या इकडे पैशाला पासरी आहेत. बटण दाबायचं ध्यान राहतं तोवर ठीक. एखाद्या दिवशी नगर-मनमाड रस्त्याच्या गर्दीत विसरलं की पाणी उकळतं, हेड गॅस्केट जातं, आणि पाचशेच्या कामाला पंधरा हजार मोजायची पाळी येते.

माणूस मात्र हाताचा वाईट नव्हता. माझ्यासमोर एका टेम्पोचं काम केलं. त्याचा पंखा चावी काढल्यावरही रात्रभर चाललेला, बॅटरी पार झोपलेली. मिस्त्रीने दुसरी बॅटरी जोडली, पंखा लगेच भरारला. मग फ्यूजच्या डब्यातल्या काळ्या चौकोनी रिलेवर पेचकसाच्या मुठीने टकटक केलं. पंखा गप्प! रिलेत एक छोटं चुंबक असतं. हलका करंट आला की ते आतली पत्ती ओढून मोटरचा मोठा करंट सोडतं. ठिणग्या खाऊन खाऊन पत्ती चिकटून बसली की वरून हुकूम थांबला तरी ती सुटत नाही. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा होता, तो काढून तिथे लावला, काम झालं.

हाच प्रयोग आमच्या गाडीवर करा म्हटलं. रिले बदलला, पंखा तसाच. म्हणजे रिले बिनदोष. त्याला वरून खरोखरच हुकूम येतोय.

२२ मार्च, शनिवार

स्टँडजवळच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे स्कॅनर आहे. स्टिअरिंगखाली कपलर लावला, पडदा माझ्याकडे वळवला आणि हसायलाच लागला. दुपारचा एक वाजलेला, पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं, आणि इंजिनच्या पाण्याचं तापमान: उणे ४० अंश सेल्सियस.

कोडही होता, पी ०११८. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लागलेला होताच, पण तो पेट्रोलच्या झाकणापायीही लागतो, अशी घरात सगळ्यांची समजूत.

ह्या आकड्यामागचं गणित त्याने नीट सांगितलं. तापमानाचा सेन्सर म्हणजे उष्णतेने बदलणारा रोध. पाणी तापलं की रोध कमी होतो, गार झालं की वाढतो. गाडीचा संगणक, ज्याला हे लोक ईसीएम म्हणतात, रोधावरून तापमान ओळखतो. तार कुठे तुटली तर रोध अपार, म्हणून त्याच्या लेखी थंडीही अपार. मोजपट्टीच्या तळाचा आकडा तो दाखवतो, उणे ४०. पण त्यावर तो विश्वास ठेवत नाही, हे मला फार आवडलं. पाणी खरंच किती तापलंय हे कळायला मार्ग नाही, तेव्हा वाईटात वाईट धरून चालायचं, असं त्याला कारखान्यातूनच शिकवलेलं. म्हणून पंखा कायमचा चालू. पेट्रोलचं मापही अंदाजाने पडतं. ॲव्हरेज घसरल्याचं कारण तेच असावं.

म्हणजे सेन्सर गेला, किंवा त्याची तार. त्यालाही सेन्सरच बदलायचा होता. मी उद्यापर्यंत थांबा म्हटलं.

२३ मार्च, रविवार

पुतणी विद्यापीठाच्या कृषी अभियांत्रिकीला आहे, रविवारची जेवायला आली. मल्टिमीटर घेऊनच ये म्हणून फोन केला होता. "काका, आधी जेवण का आधी गाडी?" आधी गाडी.

कपलर काढून सेन्सरच्या दोन पिनांवर मीटर लावला: दोन किलोओहमच्या आसपास. सकाळच्या हवेत एवढा असायलाच हवा. मग तिने गरम पाण्याने फडकं भिजवून सेन्सरच्या पितळी डोक्याभोवती धरलं. आकडा सरसर उतरला. सेन्सर ठणठणीत.

आता उलट बाजू. चावी ऑन करून कपलरच्या दोन टोकांत व्होल्ट मोजले. पाच यायला हवे होते, आले शून्य. "तारच तुटलीय, काका. दोन हजाराचा सेन्सर बसवला असता तरी पंखा चालूच राहिला असता." पोरीने पुरणपोळी कमावली.

२४ मार्च, सोमवार

इलेक्ट्रिशियन वस्तीवर आला. तारांच्या जुडग्यावरची काळी नळी कपलरपासून मागे मागे सोडत गेला. बॅटरीच्या ट्रेखाली सापडलं: हिरव्या तारेचं प्लॅस्टिक सोलून काढलेलं, तांबं कुरतडून तोडलेलं, शेजारच्या दोन तारांवर नुसते दातांचे बारीक खाचे. खाली उसाच्या पाचटाचं, कापसाचं आणि माझ्या नातवाच्या मोज्याचं घरटं.

शेडमागचा ऊस मागच्याच महिन्यात तुटून गेला. फड मोकळा झाला की उंदीर निवारा शोधत वस्तीकडे येतात. थंडीतल्या पहाटे गरम बोनेटखालची जागा त्यांना कोण देणार? त्यांचे पुढचे दात जन्मभर वाढतात, कुरतडलं नाही तर खाणं बंद व्हायचं. समोर तार असली तर तार.

तार सोल्डर करून वर नळी चढवली, जाळीदार पट्टी गुंडाळली. कोड पुसला. स्कॅनरवर ३४ अंश. चावी ऑन, पंखा शांत. मजुरी चारशे रुपये.

दादा तंबाखूची पानं बोनेटमध्ये ठेवा म्हणतात, कुणी डांबराच्या गोळ्या सांगतं. वासाने उंदीर पळतात, ह्यावर माझा फारसा भरवसा नाही. घरात नातवंडं आहेत, झिंक फॉस्फाईडही नको. पिंजरा लावलाय, आणि रात्री बोनेट उघडं ठेवायचं. गार आणि उजेडाच्या जागी ते घर करत नाहीत, असं इलेक्ट्रिशियनचं मत.

२९ मार्च, शनिवार

शनी अमावास्या, उद्या पाडवा. शिंगणापूरची गर्दी आणि बाजारहाट एकाच दिवशी. गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या. पुतणीने मोबाइलवर दिसणारा स्वस्तातला स्कॅनर लावून दिलाय. एसी बंद ठेवून बघत बसलो. ९१, ९४, ९६. ९७ ला पंखा लागला. ९२ वर थांबला. परत चढलं, परत लागला. हिने शेवटी वैतागून एसी लावला आणि खेळ संपला.

काल रात्री पिंजऱ्यात एक सापडला. भज्याला भुलला, तंबाखूला नाही. दादांना अजून सांगितलेलं नाही.