कान खाजतो की दुखतो?

कान भरणे, कान फुंकणे, कान टोचणे, कानाला खडा लावणे - मराठी भाषेने कानावर वाक्प्रचारांची मुक्तहस्ताने उधळण केली आहे. आम्हा शिक्षकांचे तर निम्मे आयुष्य "कान देऊन ऐका" असे सांगण्यात जाते. परंतु खऱ्याखुऱ्या कानाला काही झाले की आपला शब्दसंग्रह एकदम आटतो. पाणी येवो, पू येवो, ठणका लागो की नुसती खाज सुटो, घरोघरी निदान एकच : "कान फुटला." आमचे कन्नड शेजारी म्हणतात, "किवी सोरतैती." भाषा दोन, उपाय मात्र एकच - लसूण घालून कढवलेले कोमट तेल!

आमच्या बेळगाव-खानापूर भागात पावसाळा सुरू झाला की कपडे वाळत नाहीत, चपलांवर पांढरी बुरशी चढते, शाळेच्या ग्रंथालयातली पुस्तके ओलसर वास मारू लागतात. हीच बुरशी माणसाच्या कानातही धरू शकते, हे पुष्कळांच्या गावी नसते. कानाच्या भोकापासून पडद्यापर्यंतची नळी जेमतेम अडीच सेंटीमीटर लांब. आत अंधार, ऊब आणि ओल. बुरशीला आणखी काय हवे? 'अ‍ॅस्परजिलस' आणि 'कँडिडा' या जातींच्या बुरश्या तिथे सुखाने वाढतात.

काही वर्षांपूर्वी आठवीतला एक मुलगा शुद्धलेखनात शब्दच्या शब्द गाळू लागला. वर्गशिक्षकांची तक्रार, की मुलाचे लक्ष नाही. मी त्याला बोलावले. बोलताना त्याची करंगळी सारखी कानात जात होती. "दुखत नाही सर, खाजतंय. आणि कानात कापूस कोंबल्यासारखं वाटतंय." घरी तेल घालून झाले होते. पुढे दुकानातून परस्पर आणलेले थेंब तीन आठवडे चालू होते आणि खाज वाढतच होती. वडिलांचे म्हणणे, "एवढ्याशा खाजेला कसला डॉक्टर?" शेवटी त्यांना राजी करून आम्ही दोघे मुलाला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे घेऊन गेलो.

डॉक्टर कन्नड भाषिक. त्यांचा पहिलाच प्रश्न, "तुरिकेयो, नोवो?" - म्हणजे खाज की दुखणे? अर्धे निदान या प्रश्नातच होते. पू होऊन कान दुखतो तेव्हा ठणका पुढे असतो. बुरशीत सहसा खाज पुढे असते. जोडीला कान भरल्यासारखा वाटणे, कमी ऐकू येणे, थोडा स्राव. डॉक्टरांनी कानातून जो लगदा काढला तो भिजलेल्या टीपकागदासारखा होता, वर काळे ठिपके. काहींच्या कानात तो कापसासारखा पांढरा असतो, असे त्यांनी सांगितले.

दुकानातल्या थेंबांनी गुण का आला नाही, हेही तिथेच कळले. जंतूंवरचे प्रतिजैविक बुरशीला मारत नाही. उलट जंतू गेले की बुरशीला रान मोकळे मिळते. तेलाने कानात ओल राहते, आणि काडी, हेअरपिन किंवा कापसाच्या काडीने आतली नाजूक त्वचा ओरबाडली जाते. डॉक्टरांनी कान साफ केला, बुरशीवरचे थेंब दिले, खाज थांबली तरी सांगितलेले दिवस पुरे करायला आणि पुन्हा तपासायला यायला बजावले. महिन्याभरात मुलाचे शुद्धलेखन पूर्वपदावर आले.

तेव्हापासून पालकसभेत मी चार गोष्टी आवर्जून सांगतो. कानातला मळ आपोआप बाहेर येतो; त्यासाठी कोरू नये. न्हाताना कानात पाणी जाऊ देऊ नये, गेलेच तर मान कलती करून बाहेरून टिपावे. खाज दोन-चार दिवसांत थांबली नाही, स्राव आला किंवा ऐकू कमी आले, तर डॉक्टरांना दाखवावे. पडद्याला भोक असेल तर काही थेंब आतल्या कानाला अपाय करतात. म्हणून कान तपासल्याखेरीज तेलही नको आणि शेजाऱ्याची उरलेली बाटलीही नको.

ताप, चक्कर, कानामागे सूज किंवा असह्य ठणका असेल तर थांबूच नये. घरातल्या मधुमेही वडीलधाऱ्यांना विशेष जपावे. त्यांचा कान रात्री झोप उडवण्याइतका दुखू लागला किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी वाटली, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. अशा वेळी संसर्ग हाडापर्यंत पोचलेला असू शकतो.

आणि डॉक्टरांपुढे बसल्यावर "कान फुटला" एवढेच सांगू नये. खाजतो की दुखतो, किती दिवसांपासून, कानात काय काय घातले, हे नीट सांगावे. मराठीत सांगा वा कन्नडमध्ये. मूल ऐकत नाही म्हणून रागावण्याआधी त्याला ऐकू येते आहे ना, एवढेही एकदा पाहावे.